शिलालेख आणि वलांडी : अर्नाळा बेटाच्या अन्नव्यवहाराकडे पाहताना

विरार स्थानकाच्या पूर्वेला असलेला मनवेलपाडा आज पूर्णपणे शहरी वस्तीत मिसळून गेला आहे. नावातला 'पाडा' तेवढा जुन्या भूगोलाची खूण म्हणून उरला आहे. उत्तर कोकणात पाडा म्हणजे मूळ गावाच्या शिवारातली लहानशी वस्ती. इमारती आल्या, रस्ते आले, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका आली, तरी हा शब्द टिकून राहिला. रुळांच्या दुसऱ्या बाजूला, आगाशीवरून पश्चिमेकडे सुमारे १० किलोमीटर गेले की अर्नाळ्याचा किनारा लागतो. आणि किनाऱ्यापुढे, वैतरणा नदीच्या मुखाशी, तटबंदी व माडांच्या रांगेवरून ओळखू येणारे एक लहान बेट दिसते. कागदोपत्री त्याचे नाव 'अर्नाळा किल्ला'. होडीने तेथे पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. तरीही वर्तमानपत्री लेखनात आणि सहलींच्या वर्णनांत या बेटाला हमखास एक विशेषण चिकटते : दुर्गम.

प्रस्तुत लेखाचा विषय हे विशेषण आहे. बेटावर पूल नाही, आजारी माणसाला किनाऱ्यावर आणायचे तर भरती-ओहोटीची वेळ पाहावी लागते, या अर्थाने बेटावरचे जगणे अडचणीचे आहे यात शंका नाही. परंतु 'दुर्गम' म्हणताना आपण आणखीही काही सुचवत असतो. जगाच्या व्यवहारापासून दूर, इतिहासाच्या प्रवाहाबाहेर, जुने रीतिरिवाज जसेच्या तसे जपणारा एक समाज, असे चित्र त्या शब्दामागे उभे असते. या बेटावरच्या माणसांचे अन्न नीट वाचले तर हे चित्र टिकत नाही, असे मला दाखवायचे आहे. 'वाचले' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. ताटातले पदार्थ हीदेखील एक प्रकारची साधने आहेत, आणि जुन्या कागदाला आपण जे प्रश्न विचारतो (हे कधीचे? कोठून आले? कोणासाठी? यात काय गाळले आहे?) तेच प्रश्न त्यांना विचारता येतात.

कागदावरचे बेट

आधी लिखित इतिहास पाहू. वैतरणेच्या मुखाचे महत्त्व फार जुने आहे. जवळचे सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच सापडला. पुढे डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई प्रांत पोर्तुगीजांना दिला आणि हे बेटही त्यांच्या अमलाखाली गेले. पोर्तुगीजांनी त्याला 'गाईंचे बेट' अशा अर्थाचे नाव दिले होते. १७३७ साली मराठ्यांनी अर्नाळा घेतला. शंकराजी केशव यांच्या देखरेखीखाली तेथे नव्याने मजबूत किल्ला उभा राहिला. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतल्यानंतर लगोलग १७८१ मध्ये अर्नाळाही त्यांच्या हाती पडला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांकडे परत आला आणि १८१७ मध्ये कायमचा इंग्रजांकडे गेला.

किल्ल्याच्या महाद्वारावर हत्ती व वाघांच्या आकृती कोरलेल्या आहेत आणि एक पद्यबद्ध देवनागरी शिलालेखही आहे. बाजीरावांनी शंकराजींना आज्ञा केली की पाश्चात्यांचा पाडाव करून समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा बांधा, असा त्याचा आशय. शिलालेख सुंदर आहे आणि विश्वसनीयही. त्यात आज्ञा देणारा आहे, आज्ञा पाळणारा आहे, शत्रू आहे, समुद्रही आहे. परंतु चारही बाजूंनी पाणी असलेल्या या जागी दगड आणि चुना होड्यांतूनच आला असणार, त्या होड्या पाण्याची ओढ ओळखणाऱ्या हातांनीच हाकल्या असणार, आणि बांधकामावरच्या माणसांना रोज दोन वेळा काहीतरी खावे लागलेच असणार. हे शिलालेखात नाही. ते असावे अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही, कारण तो त्या प्रकारच्या लेखनाचा हेतूच नव्हे. पण आपण, दोनशे ऐंशीहून अधिक वर्षांनी, बेटाचा इतिहास म्हणून केवळ तेवढेच शिकवतो, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे.

इंग्रजी राजवटीने लिहून ठेवण्याचे काम कितीतरी अधिक केले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये मासेमारीवर, कोळ्यांच्या पोटजातींवर, मिठागरांवर विस्ताराने माहिती आहे आणि अर्नाळ्याचेही वर्णन आहे. मात्र महसूल अधिकाऱ्याला हवी तेवढीच माहिती त्यात येते. भाषेच्या अभ्यासकांना याहून चमत्कारिक वाटेल ते ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचे. त्याच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींमध्ये कोळी, सामवेदी, वाडवळी अशा या किनाऱ्यावरच्या बोलींचीही नोंद आहे. सर्व बोलींची तुलना करता यावी म्हणून ग्रिअर्सन यांनी नमुना म्हणून एकच मजकूर निवडला होता : बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. त्या कथेत डुकरांना घालण्याच्या शेंगा आहेत आणि मुलगा परतल्यावर कापलेले पुष्ट वासरू आहे. कोळ्यांची बोली सर्वेक्षणात आली ती या कथेचा हात धरून. भरतीच्या पाण्याला, जाळ्याच्या भागांना, माशाच्या वाढीच्या प्रत्येक अवस्थेला जिच्यात वेगळे नाव आहे, ती बोली वासराच्या मेजवानीच्या गोष्टीतून नोंदली जाते, तेव्हा व्याकरण मिळते पण जग निसटते. शास्त्रीय पद्धतीचा हा दोष कोणा व्यक्तीचा नाही; तुलनेसाठी समान मजकूर घेतला की असे होणारच.

पाण्याचे पंचांग

या पार्श्वभूमीवर आता अन्नाकडे येऊ. अर्नाळा परिसरातील कोळी, मांगेला, वैती या मच्छीमार समाजांचे पारंपरिक जाळे म्हणजे डोल. डोल हे पिशवीसारखे, मागे निमुळते होत जाणारे जाळे. त्याचे तोंड प्रवाहासमोर उघडे ठेवून ते समुद्रात एका जागी बांधतात. माशाचा पाठलाग करायचा नाही. पाण्याचा ओघ मासा आणून देतो आणि प्रवाह पालटण्याच्या सुमारास जाळे उपसायचे. यासाठी समुद्राच्या तळाशी लाकडी खुंट ठोकलेले असतात. त्या जागेला कव म्हणतात. पाण्याखालची ही जागा डोळ्यांना दिसत नाही, पण कोणती कव कोणाच्या घराण्याची हे परंपरेने ठरलेले असते. जमिनीच्या सातबाऱ्यासारखा कोणताही उतारा नसताना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हक्क म्हणजे मौखिक कायद्याचा एक उत्तम नमुना होय.

डोल चालते ती ओढीवर, आणि पाण्याची ओढ अवलंबून असते चंद्रावर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते. उधाणाच्या दिवसांत जाळ्यात मासळी भरते, भांगाच्या दिवसांत काम सैलावते. त्यामुळे घरातल्या ताज्या मासळीचे मानही तिथीनुसार वरखाली होते. देशावरच्या घरात एकादशी-चतुर्थी पाहून स्वयंपाक बदलतो. येथे अष्टमी पाहून बदलतो. पण त्यामागचे कारण व्रताचे नसून पाण्याचे आहे. पंचांग दोन्ही घरांत एकच, वाचन मात्र वेगळे.

डोलीत येते ती मुख्यत्वे लहान व मऊ मासळी : बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकट्या. यातला बोंबील हा या किनाऱ्याचा खरा नायक. हा मासा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रामुख्याने गुजरात आणि उत्तर कोकणातच विपुल मिळतो. दक्षिणेकडे जाऊ तसा तो विरळ होत जातो. त्याच्या अंगात पाणीच फार. त्यामुळे ताजा बोंबील अगदी अल्पायुषी असतो. त्याचे कालवण करताना वेगळे पाणी जवळजवळ लागत नाही. लसूण, हळद, मसाला आणि चिंचेचा कोळ घालून तो थोडाच वेळ शिजवतात. शिजताना पळी घातली तर मासा मोडतो, म्हणून टोप दोन्ही हातांनी धरून अलगद हलवायचा. हा तपशील कोणत्याही गॅझेटिअरमध्ये सापडणार नाही. तो आईच्या हाताकडे पाहूनच शिकायचा.

उरलेल्या बोंबलांचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वलांडी. बांबूंचे उभे खांब रोवून त्यांवर आडवे बांबू वा दोर ओढायचे आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टांगायची. मीठ लागत नाही. पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे ऊन आणि समुद्राचा वारा एवढ्यावर काही दिवसांत मासा वाळतो. जबड्यात जबडा अडकवण्याचे हे काम बहुतांशी बायका करतात, आणि त्या हातांचा वेग पाहणाऱ्याला थक्क करतो. वसई-आगाशीच्या बागायतदारांनी याच उन्हाचा उपयोग करून राजेळी केळ्यांची सुकेळी केली आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी सुके बोंबील केले. धर्म, जात, पेशा सारे वेगळे. नाशवंत मालाला ऋतू ओलांडून नेण्याची युक्ती मात्र एकच. एकाच हवेने शेजाऱ्यांना दिलेले हे समान उत्तर आहे.

मसाल्यातला इतिहास

अन्नाबद्दल बोलताना 'अस्सल' आणि 'पारंपरिक' हे शब्द आपण फार सैलपणे वापरतो. चैत्र-वैशाखात वर्षभरासाठी करून ठेवायचा कोळी मसाला हे अस्सलपणाचे प्रतीक मानले जाते. त्याचा लाल रंग आणि तिखटपणा मिरचीचा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती या किनाऱ्यावर पोहोचली. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी या किनाऱ्यावरचे कालवण लाल नव्हते. मिरी, पिंपळी, आले यांचा तिखटपणा त्यात असू शकेल, हळदीचा पिवळेपणा असू शकेल. पण आजचा रंग नाही. आपल्या भाषेने या पाहुणीला 'मिरी'च्या नात्यातले नाव दिले आणि ती जणू येथलीच असल्यासारखी वागू लागली.

पावसाळ्यात सुक्या बोंबलाबरोबर बटाटा किंवा वांगे घालून रस्सा करतात. वांगे येथले जुने. बटाटा मात्र वस्तू म्हणून परका आणि शब्द म्हणूनही पोर्तुगीज. पाव, काजू, अननस, कोबी हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. याच वाटेने 'पगार' आला आणि 'तुरुंग'ही आला, हे विसरता कामा नये. एकाच सत्तेने स्वयंपाकघरात बटाटा ठेवला आणि कचेरीत तुरुंग ठेवला. १७३९ मध्ये त्या सत्तेचा उत्तर कोकणातून निकाल लागला, पण मिरची आणि बटाटा कोणी परत पाठवले नाहीत. शिलालेखात पाश्चात्यांचा पाडाव झाल्याची ग्वाही आहे. तटाबाहेरच्या चुलीवर मात्र त्यांनी आणलेली मिरची तेव्हाही रटरटत असावी. राजकीय इतिहासाचे कालखंड आणि अन्नाच्या इतिहासाचे कालखंड एकमेकांशी जुळत नाहीत, ते असे.

या ताटात बेटावर न पिकलेले आणखी काय काय आहे? भाकरीचा तांदूळ किनाऱ्यावरच्या आणि आतल्या शेतांतला. चिंच मुख्य भूमीवरची. वलांडीचे बांबू आणि कवीचे खुंट डोंगराकडच्या रानातले. किल्ल्याच्या तटाआत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि त्या पाण्यावर थोडी शेती व भाजीपाला होतो. एरवीच्या गरजांसाठी बेट कायम किनाऱ्याकडे आणि किनाऱ्यापलीकडे पाहत आले आहे. या मोबदल्यात गेली ती सुकी मासळी. वाडा, जव्हार, मोखाडा या डोंगरी भागांतल्या आठवडे बाजारांत सुके बोंबील, जवळा आणि इतर सुकट यांना कायम स्थान राहिले. भाताची लावणी चालू असते, रानात कामाला वेळ कमी पडतो आणि समुद्र बंद असतो, त्या दिवसांत कातकरी-वारल्यांच्या झोपडीपासून कुणब्याच्या घरापर्यंत भाताला चव आणि अंगाला ताकद दिली ती या सुक्या मासळीने. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा याच डोंगरी मुलखातून वाहत येऊन अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते. किल्ल्याच्या आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर आहे. नदीच्या उगमाचा देव तिच्या मुखाशीही नांदतो आहे, एवढे तरी म्हणायला हरकत नाही. नदीचे पाणी खाली येत होते आणि मासळी वर जात होती. ज्या बेटाची मासळी घाटाच्या पायथ्यापर्यंत रोजच्या जेवणात आहे, त्याला दुर्गम कसे म्हणावे?

पाटी, गाडी आणि वास

या देवघेवीच्या केंद्रस्थानी बाई आहे. पुरुष समुद्रावर जातो, पण मासळी किनाऱ्याला लागली की तिची किंमत ठरवणे, वाटे करणे, काय ताजे विकायचे आणि काय वाळवायचे हे ठरवणे, उधारी लक्षात ठेवणे, हे सारे बाईच्या हाती येते. मुंबईच्या सोनकोळ्यांवर विजया पुणेकर यांनी केलेला समाजशास्त्रीय अभ्यास १९५९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कोळी समाजाकडे गाण्या-नाचापलीकडे पाहणाऱ्या मोजक्या सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना करावी लागेल.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. विरारच्या इतिहासात ही तारीख चाकरमान्यांच्या दृष्टीने सांगितली जाते. पण पाटी घेऊन मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या मासळीवालीच्या दृष्टीनेही ती तितकीच मोठी आहे. बर्फ दुर्मीळ असलेल्या काळात ताज्या मासळीचे आयुष्य तासांत मोजायचे. ते आयुष्य आगगाडीने वाढवले. आणि मासळीबरोबर तिचा वासही डब्यात आला. इंग्रजीत बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणतात. टपालगाडीला म्हणजे डाकेला सुक्या बोंबलाचा वास येई म्हणून हे नाव पडले, अशी गोष्ट सांगितली जाते. ती रंजक आहे, पण खरी नाही. कारण १८५३ साली भारतात प्रवासी रेल्वे सुरू झाली त्याआधीच हे नाव इंग्रजीत रुळलेले दिसते. यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या प्रसिद्ध कोशात 'बमेलो' अशी स्वतंत्र नोंद आहे. तो उघडच आपला बोंबील आहे. खोटी व्युत्पत्तीही काही खरे सांगून जाते. या गोष्टीत मासा कोणी पकडला, कोणी वाळवला याचा उल्लेख नाही. वास कोणाला आला एवढेच महत्त्वाचे आहे. म्हणजे गोष्ट सांगणारा खाणाऱ्यांच्या बाजूचा नाही, नाकाला रुमाल लावणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

ही बाजू अजून सरलेली नाही. १९९७ साली युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे सुक्या बोंबलाची तिकडची आयात बंद झाली, कारण तो मान्यताप्राप्त कारखान्यात तयार होत नसून उघड्यावर वाळवला जातो. पुढे वाटाघाटी झाल्या, मान्यताप्राप्त केंद्रात बांधणी होईल या अटीवर वाट मोकळी झाली. स्वच्छतेचा आग्रह गैर नाही, परंतु ऊन-वाऱ्याच्या तंत्राला 'तंत्र' मानायचे की नाही, हा प्रश्न त्या निमित्ताने उभा राहिला होता. जवळ पाहिले तर आपल्या इमारतींच्या जिन्यांतही त्याचे छोटे रूप दिसते. बोंबील भाजला की खिडक्या लावून घेणारे शेजारी कोणाला ठाऊक नाहीत? मनवेलपाड्यासारख्या वस्तीत कोकणातले, देशावरचे, उत्तरेकडचे, गुजरातेतले असे सगळे एका जिन्यात राहतात. तेथे बोंबलाचा वास हा सहजीवनाच्या परीक्षेचा प्रश्न होतो.

पाहुण्याचे ताट आणि घरचे ताट

अलीकडे 'अनुभव' या शब्दाला मोठी बाजारपेठ मिळाली आहे. एक दिवस होडीतून जायचे, किल्ला पाहायचा, मासळीचे जेवण जेवायचे, परतायचे. यात वाईट काही नाही. बेटावरच्या काही घरांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर उत्तमच. पण अशा जेवणात पाहुण्यासमोर येते ती बहुधा तळलेली सुरमई किंवा पापलेट. घरात रोज शिजते ते वेगळे : जवळा-कांदा, मांदेलीचे कालवण, भाजून ठेचलेला सुका बोंबील आणि तांदळाची भाकरी. महाग मासा विकायचा आणि स्वस्त मासा खायचा, हे मासेमारीवर जगणाऱ्या घरांचे साधे अर्थशास्त्र आहे. पाहुण्याचे ताट म्हणजे बाजाराचे ताट. त्यावरून संस्कृतीचा निष्कर्ष काढणे हे शिलालेखावरून गावाचा इतिहास लिहिण्यासारखेच होईल. २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून पापलेटची निवड केली. पापलेटचे घटते प्रमाण लक्षात घेता त्याच्या रक्षणासाठी हे योग्यच होते आणि सातपाटीच्या मच्छीमारांचीच ती मागणी होती. तरीही उत्तर कोकणाच्या पोटात सर्वाधिक काळ ज्याने घर केले, तो बोंबील या मानापासून दूरच राहिला.

साहित्यातही असेच झाले आहे काय, याचा विचार व्हावा. कोळीगीतांनी आणि चित्रपटांनी मराठी मनात जो दर्या उभा केला, त्यात होडी आहे, वारा आहे, नारळी पौर्णिमेचा सोन्याचा नारळ आहे, रंगीत लुगडे आहे. त्यात गोडवा आहे हे नाकारण्याचे कारण नाही. पण कवीचा वाद, उधारी, भांगाच्या पाण्यातले रिकामे जाळे, वलांडीवर मासा असताना अचानक आलेला अवकाळी पाऊस यांना त्यात क्वचितच जागा मिळाली. वसईच्या भूमीतून मराठीला मोठे लेखक लाभले. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि हिरव्या वसईची व्यथा त्यांच्या लेखणीतून व आंदोलनातून महाराष्ट्रभर पोहोचली. २०२४ साली त्यांचे निधन झाले. वाडीतली वसई अशी मराठीत नांदती झाली. पाण्यातली वसई, म्हणजे डोलीची आणि वलांडीची वसई, अजून तितक्या ताकदीने आपल्या साहित्यात आलेली नाही, असे माझे मत आहे.

काय पणाला लागले आहे

हे सारे केवळ स्मरणरंजन असते तर लेख येथेच संपला असता. परंतु ज्या साधनांचे वाचन आपण करतो आहोत, ती साधनेच झिजत आहेत. यांत्रिक नौका आणि मोठ्या जाळ्यांच्या स्पर्धेमुळे किनाऱ्याजवळची मासळी घटल्याची मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले ते याच तक्रारींच्या पार्श्वभूमीवर. पण डोलही पूर्णपणे निर्दोष नाही; तिच्या बारीक आसात माशांची पिल्लेही सापडतात, हे मान्य करावे लागेल. मासळी विरळ झाली तशा कवी अधिक खोल पाण्यात, अधिक दूर जाऊ लागल्या, आणि त्यातून वसई-उत्तनकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात हद्दीचा वाद पेटला. मौखिक कायदा ज्या परस्पर विश्वासावर चालत होता, तो विश्वास टंचाईत टिकत नाही.

बेटाचा आणि अर्नाळ्याचा किनाराही समुद्र खात चालला आहे. वलांडीसाठी मोकळी, वाऱ्याची जागा हवी. किनारा आक्रसला की ती आधी जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्यामुळे मासेमारीची क्षेत्रे आणि माशांच्या विणीच्या जागा धोक्यात येतील, असा किनाऱ्यावरच्या मच्छीमार संघटनांचा आक्षेप आहे. देशाच्या व्यापाराला हे बंदर आवश्यक आहे, असे शासनाचे म्हणणे आहे. या वादाचा निकाल प्रस्तुत लेखात लागणार नाही. पण वादाची मांडणी करताना आपण एका बाजूला राष्ट्रीय व्यवहार आणि दुसऱ्या बाजूला 'दुर्गम, पारंपरिक' वस्त्या असे चित्र रंगवले, तर निकाल आधीच लावून बसतो. मच्छीमार वस्तीही शतकानुशतके व्यापारच करीत आली आहे. दोन व्यापारांतला हा संघर्ष आहे. त्यातला एक मोठ्या जहाजांचा आहे आणि दुसरा पाटीचा.

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे 'आयएनएस अर्नाळा' ही पाणबुडीविरोधी युद्धनौका नौदलात दाखल झाली. याच नावाची एक युद्धनौका यापूर्वीही, १९७२ ते १९९९ या काळात, सेवेत होती. बेटाचे नाव देशभर ऐकू आले ते पुन्हा किल्ल्यामुळे. त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. शिलालेखाची परंपरा अशी अखंड चालू आहे. तिला जपणारी यंत्रणा आहे, तिचे समारंभ आहेत.

वलांडीच्या परंपरेला अशी यंत्रणा नाही, आणि येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना करण्यासारखे काम आहे. पदव्युत्तर वर्गांत बोलींवर प्रकल्प दिले जातात. त्यासाठी उधळ्या पुत्राची कथा भाषांतरित करून घेण्याऐवजी कालवण कसे करायचे, जाळे केव्हा उपसायचे, सुका बोंबील पावसाळाभर कसा टिकवायचा, हे सांगणाऱ्यांच्या शब्दांत उतरवून घेता येईल. क्रियापदे, मापे, पाण्याची नावे, माशांची नावे, शिव्या आणि म्हणी आपोआप हाती लागतील. सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या परवानगीने लिहावे, तारीख लिहावी, आणि लिहिलेले तिला वाचून दाखवावे. ती चुका काढील, त्याही नोंदवाव्यात. आगाशी, अर्नाळा, सातपाटी, उत्तन येथे हे काम आज होऊ शकते, कारण डोल ओढलेले आणि वलांडी बांधलेले हात अजून तेथे आहेत. विरारच्या कोणत्याही महाविद्यालयापासून अर्नाळ्याची जेट्टी एका एसटीच्या अंतरावर आहे.